सिंगापूरहून जोहोर बाहरूला: आई-बाबांना घेऊन बसने सीमा ओलांडताना

सिंगापूरला मुलाकडे किंवा मुलीकडे महिनाभर राहायला आलेल्या आई-बाबांचं पहिल्या पंधरवड्यातच बहुतेक सगळं बघून होतं. मरिना बे झालं, सेंटोसा झालं, लिटिल इंडियातून मेथी-कढीपत्ता आणून झाला. मग कुणीतरी सुचवतं, ‘‘मलेशिया तर पलीकडेच आहे, एक दिवस जाऊन या की.’’ आणि ते खरंच आहे. सिंगापूरच्या उत्तर टोकाला वुडलँड्सच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की जोहोर बाहरूच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतील इतकं ते जवळ दिसतं. मधला कॉजवे म्हणजे भराव घालून बांधलेला रस्ता, लांबीला जेमतेम एक किलोमीटर. आपल्याकडे दोन एसटी थांब्यांमध्ये याहून जास्त अंतर असतं.

पण हा एक किलोमीटर दोन देशांमधला आहे. जाताना दोन वेळा आणि येताना दोन वेळा असा एका दिवसात चार वेळा पासपोर्ट दाखवावा लागतो. सिंगापूर सोडताना, मलेशियात शिरताना, मलेशिया सोडताना आणि पुन्हा सिंगापुरात शिरताना. या चारांपैकी पहिल्या तीन खिडक्यांवर सहसा काही अडत नाही. अडतं ते चौथ्या खिडकीवर, आणि तिथे अडलं तर माणूस पलीकडेच राहतो. म्हणून मी या प्रवासाची तयारी नेहमी उलटीकडून करते. परत कसं यायचं हे आधी, कसं जायचं ते नंतर.

मी आतापर्यंत आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना आणि दोन वेळा गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन हा प्रवास केला आहे. त्यातून जे समजलं ते क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी सिंगापूरचा व्हिसा उघडून वाचा

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला येणाऱ्या पर्यटकाला व्हिसा लागतो, आणि तो ई-व्हिसा म्हणजे कागदावर छापलेला असतो. त्यावर किती वेळा प्रवेश करता येईल हे लिहिलेलं असतं. ‘मल्टिपल जर्नी’ असेल तर पुढे वाचा. ‘सिंगल जर्नी’ असेल आणि तुम्ही विमानाने सिंगापुरात येऊन ती वापरली असेल, तर जोहोरचा बेत तिथेच थांबवा. सिंगापूर तुम्हाला बाहेर जाऊ देईल, मलेशिया आत घेईल, आणि संध्याकाळी परत येताना हातात सिंगापूरचा व्हिसाच नसेल. तुमची बॅग, औषधं, परतीच्या विमानाचं तिकीट सगळं अलीकडे आणि तुम्ही पलीकडे.

माझ्या मावशीच्या बाबतीत हे आदल्या रात्री लक्षात आलं. धपाटे डब्यात भरून झाले होते, बाटल्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. मी सहज म्हणून तिचा व्हिसा हातात घेतला तर तो एकाच प्रवेशाचा निघाला. तिकडच्या एजंटने काय भरलं होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. आमच्याकडे त्याआधी आलेल्या सगळ्यांना मल्टिपल मिळाला होता, म्हणून मीही गृहीत धरलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तेच धपाटे घेऊन वुडलँड्स वॉटरफ्रंटच्या जेट्टीवर गेलो आणि मलेशिया अलीकडूनच पाहिला. मावशी म्हणाली, ‘‘दिसतंय की सगळं.’’ पण मला वाईट वाटलं. तेव्हापासून पाहुणे भारतातून निघण्याआधीच मी त्यांच्याकडून व्हिसाचा फोटो मागवून घेते.

तीन तारखा वेगवेगळ्या असतात, त्यांची गल्लत करू नका. व्हिसा कधीपर्यंत वापरता येईल ही एक तारीख. विमानतळावर उतरल्यावर ईमेलवर आलेल्या ई-पासमध्ये कधीपर्यंत राहायची परवानगी आहे ही दुसरी. आणि पासपोर्ट संपण्याची तिसरी, जी प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने पुढची हवी. तुम्ही सिंगापूरच्या बाहेर पडलात की आधीचा राहण्याचा पास तिथेच संपतो. परत येताना नवा मिळतो, आणि तो किती दिवसांचा द्यायचा हे अधिकारी ठरवतो. म्हणून ज्यांनी आई-बाबांचा मुक्काम अर्ज करून वाढवून घेतला आहे, त्यांनी त्यानंतर जोहोरची फेरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका दिवसाच्या हौसेसाठी मिळालेले दिवस पणाला लावायचे नाहीत. जायचंच असेल तर मुक्कामाच्या सुरुवातीला जा.

दुसऱ्या देशाला जाताना मधल्या मुक्कामापुरत्या, व्हिसा नसलेल्या ट्रान्झिट सवलतीवर सिंगापुरात आलेल्यांनीही हा बेत आखू नये. लाँग टर्म व्हिजिट पास असलेल्या आई-वडिलांना मात्र ही काळजी नाही, त्यांचा पास चालू असेपर्यंत ते ये-जा करू शकतात.

मलेशियाची बाजू सध्या सोपी आहे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. व्हिसा नाही याचा अर्थ प्रश्न विचारणार नाहीत असा नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि थोडे पैसे दाखवता आले पाहिजेत. भारतात परत जायच्या विमानाच्या तिकिटाची छापील प्रत मी पासपोर्टच्या पाऊचमध्येच ठेवते.

दोन फॉर्म, दोन्ही फुकट

मलेशियात शिरण्यासाठी एमडॅक म्हणजे मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आणि सिंगापुरात परत शिरण्यासाठी एसजी अरायव्हल कार्ड. दोन्ही प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असतात. दोन्हीला एक पैसाही लागत नाही. हे ठासून सांगते, कारण शोधायला गेलं की सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट वर येतात. कार्डाचा नंबर मागितला की समजा चुकीच्या दारात आहात. सिंगापूरचा फॉर्म तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या मायआयसीए अ‍ॅपमध्येही मिळतो, तो मार्ग सगळ्यात सुरक्षित.

इथे घरातल्या घरात फरक पडतो. सिंगापुरात राहणारी मुलगी पीआर म्हणजे कायम रहिवासी असो किंवा कामाच्या पासवर असो, जमिनीवरून परत येताना तिला एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागत नाही. त्यामुळे तिला त्याची आठवणही राहत नाही. आई-बाबांना मात्र ते प्रत्येक वेळी नव्याने भरावं लागतं. विमानाने येताना भरलेलं या वेळी चालत नाही. एमडॅक मात्र भारतीय पासपोर्ट असलेल्या सगळ्यांनीच भरायचं, पीआर असले तरी.

भरताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहा. आपल्याकडे मधलं नाव पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, ते गाळू नका. पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडणार नाही हे बघा, ही चूक मी स्वतः सासऱ्यांच्या फॉर्ममध्ये केली आणि पुन्हा भरावा लागला. एमडॅकमध्ये प्रवासाचा प्रकार जमिनीवरून, आधीचं ठिकाण सिंगापूर आणि वाहनाच्या जागी बसचा क्रमांक लिहा. राहण्याचा पत्ताही विचारतात. एका दिवसासाठी जाणाऱ्यांनी जिथे जाणार त्या जागेचा पत्ता द्यावा. सीमेला लागूनच असलेल्या सिटी स्क्वेअर मॉलचा पिनकोड ८०००० आहे, राज्य जोहोर.

परतीचा सिंगापूरचा फॉर्म निघण्यापूर्वी घरूनच भरा. कॉजवेच्या मध्यावर मोबाइलचं नेटवर्क एका देशाचं सुटून दुसऱ्याचं लागतं, आणि सिंगापूरचं साधं सिमकार्ड पलीकडे इंटरनेट देईलच असं नाही. दोन्ही फॉर्मची पोच ईमेलवर येते. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि शक्य असेल तर आई-बाबांच्या फोनमध्येही टाका. खिडकीवर तुम्ही त्यांच्या शेजारी असालच असं नाही.

दिवस कुठला, वेळ कुठली

या सीमेवरून रोज सकाळी मलेशियातली लाखो माणसं कामाला सिंगापुरात येतात आणि संध्याकाळी घरी परततात. पहाटे चार-साडेचारपासून मोटारसायकलींच्या रांगा लागतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की वुडलँड्स आणि तुआस या दोन्ही नाक्यांवर मिळून दिवसाला पाच लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. हे डोक्यात ठेवलं की वेळ ठरवणं सोपं होतं. कामाच्या दिवशी सकाळी गर्दी सिंगापूरकडे येत असते आणि तुम्ही उलट दिशेला जात असता. दुपारी तीनच्या सुमाराला परत निघालात तर संध्याकाळची उलटी गर्दी सुरू होण्याआधी घरी पोचता.

म्हणजे मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. सकाळी साडेनऊ-दहाला निघायचं, दुपारी तीनला परतीच्या रांगेत उभं राहायचं. शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ वृद्ध माणसांना घेऊन कधीही नाही. जोहोरमध्ये आधी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, पण १ जानेवारी २०२५ पासून तिथेही शनिवार-रविवार झाली, त्यामुळे दोन्हीकडची गर्दी आता एकाच दिवशी रस्त्यावर येते. चिनी नववर्ष, हरी राया म्हणजे ईद, दिवाळी, जून आणि डिसेंबरच्या शाळेच्या सुट्ट्या हे सगळे दिवस टाळा. निघण्यापूर्वी वन मोटरिंगच्या सरकारी साइटवर कॉजवेच्या कॅमेऱ्यातली ताजी छायाचित्रं दिसतात. त्यात गाड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर दुसरा चहा घ्या.

बसचा प्रवास, पायरी पायरीने

बस हाच मी सुचवेन तो मार्ग. स्वस्त, सतत मिळणारा, आणि एकदा जमला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

बसचे पर्याय बरेच आहेत. बुगीसजवळच्या क्वीन स्ट्रीटहून १७० क्रमांकाची बस, क्रांजी एमआरटी म्हणजे मेट्रो स्टेशनहून १७०एक्स, वुडलँड्स इंटरचेंजहून ९५०. या सिंगापूरच्या सार्वजनिक बस आहेत, नेहमीचं ईझी-लिंक हे प्रवासाचं कार्ड किंवा बँकेचं कार्ड चालतं. याशिवाय पिवळ्या रंगाच्या कॉजवे लिंकच्या बस आहेत, क्रांजीहून सीडब्ल्यू१ आणि क्वीन स्ट्रीटहून सीडब्ल्यू२. क्रांजीपर्यंत एमआरटीने जाऊन पुढे बस घेणं मला सोयीचं वाटतं, शहरातला वेळ वाचतो आणि तिथल्या स्टेशनवर स्वच्छतागृह आहे. निघण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन घ्या. पुढे रांगेत अडकलात तर ते कधी मिळेल सांगता येत नाही.

बसमध्ये बसलात की दहा-पंधरा मिनिटांत वुडलँड्स चेकपॉइंट येतो. इथे सगळी बस रिकामी होते, आणि तुम्हीही सगळं सामान घेऊन उतरायचं. ही बस तुमच्यासाठी थांबत नाही. बाबांची छत्री आणि फळांची पिशवी आमच्या पहिल्या फेरीत सीटखाली राहिली, आम्ही वळून पाहीपर्यंत बस पुढे गेली होती. उतरताना कार्ड टॅप करायचं. रोख तिकीट काढलं असेल तर ते जपून ठेवायचं, पुढे त्याच कंपनीच्या कुठल्याही बसमध्ये ते दाखवून चढता येतं. सीडब्ल्यूचं तिकीट १७०मध्ये मात्र चालत नाही.

उतरल्या उतरल्या लोक पळायला लागतात. खरोखर पळतात, रोजची सवय असलेली माणसं सरकत्या जिन्यावर दोन-दोन पायऱ्या घेत चढतात, आणि पावलांचा एक सलग आवाज त्या हॉलमध्ये घुमत राहतो. आई पहिल्यांदा घाबरली, तिला वाटलं काहीतरी झालंय. म्हणून तुमच्या माणसांना आधीच सांगून ठेवा की इथे सगळे धावतात, आपण धावायचं नाही. जिन्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, उजवी बाजू घाईच्या लोकांना. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट विचारा, असते.

वर सिंगापूर सोडण्याची तपासणी. बहुतेक ठिकाणी आता आपोआप उघडणारी फाटकं आहेत, परदेशी पाहुण्यांनाही ती वापरता येतात. चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं ओळखून फाटक उघडतं, म्हणून टोपी, चष्मा काढायचा आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघायचं. एका वेळी एकच माणूस आत जातो. इथे घरची माणसं वेगळी पडतात, तर आधीच ठरवा की पलीकडे फाटक ओलांडल्यावर पहिल्या खांबापाशी थांबायचं. मशीनला ओळखता आलं नाही तर शेजारचा कर्मचारी खिडकीवर पाठवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सिंगापूर पासपोर्टवर शिक्का मारत नाही, शिक्का शोधत बसू नका.

मग खाली उतरून बसथांबे. प्रत्येक बसची रांग वेगळी असते आणि वर क्रमांक लिहिलेला असतो. तुमच्या क्रमांकाच्या रांगेत उभं राहा, पुन्हा कार्ड टॅप करून चढा.

आता कॉजवे. गर्दी नसेल तर हा भाग पाच मिनिटांचा असतो, म्हणून आई-बाबांना खिडकीशी बसवा. रस्त्याच्या कडेने जाड जलवाहिन्या दिसतात. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेऊ शकतं, आणि तो करार २०६१ पर्यंत आहे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी त्या नळांकडे बघून सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, मी उत्तरं शोधून ठेवली ती त्यामुळेच. हा रस्ता १९२४ साली बांधून झाला. ३१ जानेवारी १९४२ ला माघार घेणाऱ्या ब्रिटिश बाजूच्या फौजांनी जपान्यांना अडवायला तो मध्ये उडवला होता. १९६५ साली सिंगापूर वेगळा देश झाला तेव्हा या बांधावर सरहद्द आली.

गाड्या थांबलेल्या असतील तर काही लोक उतरून चालत निघालेले दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका. मोटारसायकली अंगावरून जातात, ऊन कडक असतं, आणि आई-बाबांना घेऊन तर नाहीच.

मलेशियाच्या बाजूची इमारत म्हणजे बांगुनान सुलतान इस्कंदर. पुन्हा सगळं सामान घेऊन उतरा, पुन्हा वर चढा. इथल्या पाट्या मलय भाषेत आणि इंग्रजीत असतात. ‘मासुक’ म्हणजे आत, ‘केलुआर’ म्हणजे बाहेर, आणि ‘तंडास’ म्हणजे स्वच्छतागृह, जे मराठी माणूस एकदा वाचून कधी विसरत नाही. ‘वार्गा-नगारा’ लिहिलं असेल तिकडे जाऊ नका, ती मलेशियाच्या नागरिकांची रांग आहे. आपलेच वर्ग आणि नगर हे दोन शब्द संस्कृतातून तिथे जाऊन नागरिक झाले आहेत. आपल्याला परदेशी पासपोर्टची खिडकी हवी.

खिडकीवर पासपोर्ट, एमडॅकची पोच, आणि दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे. वयस्क माणसांचे ठसे पटकन उमटत नाहीत, जन्मभर भांडी घासलेली आणि पोळ्या भाजलेली बोटं गुळगुळीत झालेली असतात. निघताना बोटांना थोडं क्रीम चोळून पुसून घेतलं की फरक पडतो, हा आमचा अनुभव. कुठे जाणार, किती दिवस, एवढंच विचारतात. उत्तर एका वाक्यात: एक दिवस, जोहोर बाहरू फिरायला, संध्याकाळी परत. आई-बाबांना इंग्रजीची भीती वाटत असेल तर त्यांच्यासोबत खिडकीपाशी जाऊ का हे विचारा, मला आजवर नाही म्हटलेलं नाही.

मलेशिया मात्र पासपोर्टवर शिक्का मारते. खिडकी सोडण्यापूर्वी शिक्का आहे का आणि त्यावरची तारीख बरोबर आहे का हे डोळ्यांनी बघा. गर्दीच्या लोंढ्याबरोबर शिक्क्याशिवाय बाहेर पडलात तर परत जाताना त्याची झळ बसते. त्यानंतर बॅगा स्कॅनरमधून जातात आणि तुम्ही मलेशियात आलात.

जोहोर बाहरूत

इमारतीतूनच झाकलेल्या पुलावरून जेबी (म्हणजे जोहोर बाहरू) सेंट्रल स्टेशन आणि समोर सिटी स्क्वेअर. पैसे तिथे बदला. एका सिंगापूर डॉलरला तीन रिंगिटहून थोडे जास्त मिळतात, दोन-तीन दुकानांचे दर बघून घ्या. टॅक्सी बोलावायचं ग्रॅब अ‍ॅप तिथेही चालतं.

आई-बाबांना घेऊन मी तीनच गोष्टी करते. काचेचं देऊळ म्हणून ओळखलं जाणारं अरुळमिगू श्री राजकालियम्मन मंदिर, ज्याच्या भिंती आणि छत काचेच्या बारीक तुकड्यांनी मढवलेल्या आहेत. त्याच्या वेळा आधी बघून जा, ते दिवसभर उघडं नसतं. मग केळीच्या पानावरचं जेवण. आणि तान हिओक नी या जुन्या गल्लीतून फेरफटका. मलाक्का किंवा क्वालालंपूरला पुढे जायचं असेल तर बस लार्किन सेंट्रल स्थानकावरून सुटतात. १७० आणि सीडब्ल्यू१, सीडब्ल्यू२ तिथपर्यंत जातात, १७०एक्स आणि ९५० सीमेपाशीच थांबतात.

परत येताना पिशवीत काय नको

क्रम तोच, उलटा. जेबी सेंट्रलच्या बाजूने वर, मलेशियाचा बाहेर पडल्याचा शिक्का, बस, कॉजवे, वुडलँड्स. फरक एवढाच की सिंगापूरचा कस्टम फार काटेकोर आहे.

आजोबांच्या खिशातली तंबाखूची चंची घरी ठेवायला लावा. खायची तंबाखू, गुटखा, खैनी सिंगापुरात पूर्ण बंद आहे, वापरायला एक पुडी असली तरी. व्हेप आणि ई-सिगारेट बंद. सिगारेटची एकही कांडी करमुक्त नाही. मलेशियातून येणाऱ्याला दारूची करमुक्त सवलत मिळत नाही. च्युइंगम आणता येत नाही. हे सगळं जोहोरच्या दुकानांत उघड मिळतं, म्हणूनच लोक फसतात.

खरेदीवर ९ टक्के जीएसटी लागू शकतो. ४८ तासांहून कमी वेळ बाहेर राहिलात तर पाहुण्याला १०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तूंवर सूट आहे, त्याहून जास्त वेळ राहिलात तर ५०० पर्यंत. इथेही घरात फरक पडतो. कामाच्या पासवर, डिपेंडंट पासवर किंवा लाँग टर्म पासवर राहणाऱ्यांना ही सूट अजिबात नाही. शंका असेल तर कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगा, सांगणाऱ्याला फक्त कर भरावा लागतो.

रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर आधी परवानगी लागते का बघा, नाहीतर त्या दिवसापुरतं घरी ठेवा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला हात धरून सांगते. रांगेत कुणी कितीही गोड बोललं, ‘‘आजी, एवढी पिशवी तेवढी धरा’’ म्हणालं, तरी दुसऱ्याची वस्तू हातात घ्यायची नाही. अमली पदार्थांसाठी या दोन्ही देशांच्या कायद्यात फाशीची तरतूद आहे. आपल्या लोकांना मदतीला नाही म्हणायची सवय नसते, म्हणून हे घरातून निघतानाच बोलून ठेवावं लागतं.

बस नको असेल तर

वुडलँड्स ते जेबी सेंट्रल अशी शटल तेब्राऊ नावाची रेल्वे आहे, प्रवास पाच मिनिटांचा. सिंगापूरहून ५ सिंगापूर डॉलर, जोहोरहून ५ रिंगिट, म्हणजे परतीचं भाडं एक तृतीयांशाहून कमी. वृद्धांसाठी सगळ्यात सुखाची, कारण जाताना दोन्ही देशांची तपासणी वुडलँड्सलाच होते आणि जोहोरला उतरून सरळ बाहेर. पण तिकिटं मलेशियन रेल्वेच्या केटीएमबी अ‍ॅपवर बरेच दिवस आधी संपतात. वुडलँड्स ट्रेन चेकपॉइंट आणि वुडलँड्स एमआरटी ही वेगळी ठिकाणं आहेत, त्यात घोटाळा करू नका. गाडीच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर ही चार किलोमीटरची नवी आरटीएस लिंक २०२६ च्या अखेरीस सुरू करायचं नियोजन आहे. तिच्यातही दोन्ही तपासण्या निघतानाच एका छताखाली होतील. ती सुरू झाली की शटल तेब्राऊ बंद होणार आहे.

चालता येत नसेल तर दोन्ही देशांचा परवाना असलेली टॅक्सी घ्या. गाडीत बसल्या बसल्या तपासणी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर स्वस्तात सीमा पार करून देणारी खाजगी गाडी मात्र घेऊ नका. परवाना नसतो, विमा लागू होत नाही, आणि तपासणीत पकडली गेली तर आई-बाबांना घेऊन तुम्ही रस्त्यावर.

घरी आल्यावर

चप्पल काढायच्या आधी ईमेल उघडा. नवा ई-पास आलेला असेल, प्रत्येकाचा वेगळा. त्यावरची शेवटची तारीख भारतात परत जायच्या तिकिटाच्या पुढची आहे का हे बघा. अलीकडची असेल तर लगेच इमिग्रेशन खात्याकडे मुदतवाढीचा अर्ज करायला अजून वेळ असतो. आमच्याकडे ती तारीख फ्रिजवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिलेली असते, आई-बाबांच्या परतीच्या तारखेच्या शेजारीच.